गोल झोपडी, चौकोनी जाळे

व्हिडिओ गेम ही पाहण्याची आणि त्याच वेळी चालवण्याची गोष्ट असल्यामुळे तिच्या घडणीत दोन वेगळ्या शिस्तींत वाढलेली माणसे एकत्र यावी लागतात: पडद्यावर काय दिसावे हे ठरवणारा चित्रकार आणि खेळणाऱ्याने बटण दाबल्यावर काय घडावे याच्या सूचना संगणकाच्या भाषेत लिहिणारा प्रोग्रामर. मोठ्या कंपन्यांत या दोघांच्या मध्ये निर्माते, व्यवस्थापक आणि चित्र व कोड दोन्ही जाणणारे ‘टेक्निकल आर्टिस्ट’ असतात, त्यामुळे मतभेद झाला तरी तो बैठकीत मिटतो. स्वतंत्र गेममध्ये, म्हणजे बड्या प्रकाशकाच्या हुकमाबाहेर राहून दोन-चार, फार तर दहा-पंधरा जणांनी उभारलेल्या गेममध्ये, असा मधला दुवा परवडत नाही. तेथे चित्रकार आणि प्रोग्रामर समोरासमोर बसतात, आणि त्यांचे जमले की नाही हे तयार गेमच्या प्रत्येक दृश्यात उमटते.

या सहकार्याविषयीचा रूढ समज असा की चित्रकाराने चित्रे काढून द्यावीत, प्रोग्रामरने ती गेममध्ये बसवावीत आणि दोघांनी आपापले काम चोख केले की गेम तयार व्हावा. असे वाटून घेतलेले काम बहुधा अर्ध्यावर अडते, कारण पडद्यावरचे रूप आणि त्यामागचा हिशेब या दोन गोष्टी एकाच निर्णयातून जन्मतात. १९८१ साली ‘डाँकी काँग’ या जपानी गेमसाठी शिगेरु मियामोतो यांनी जी आकृती रेखाटली आणि जी पुढे मारिओ या नावाने जगभर पोहोचली, तिची मिशी, टोपी आणि खांद्यावर पट्टे असलेली पँट ही तिन्ही यंत्राच्या मर्यादेची देणगी आहेत. मियामोतो औद्योगिक अभिकल्प शिकलेले होते, प्रोग्रामर नव्हते. पण हाताशी मोजकेच पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे रंगीत ठिपके, आहेत हे ओळखून त्यांनी नाक वेगळे दिसावे म्हणून मिशी दिली, केस काढावे लागू नयेत म्हणून टोपी घातली आणि हातांची हालचाल अंगापासून वेगळी कळावी म्हणून पोशाखाचे रंग निवडले. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे हा एकच आकार आहे, फक्त रंग बदललेला, मेमरी वाचवण्यासाठी काढलेली ही तोड आज त्या गेमच्या दृश्यशैलीचा भाग मानली जाते.

उलट दिशेचे उदाहरण अमेरिकेतील ‘ब्रेड’ या गेमचे आहे. त्याचे प्रोग्रामर जोनाथन ब्लो यांनी काळ मागे फिरवण्याची कल्पना स्वतःच्या ओबडधोबड चित्रांसह आधी खेळण्याजोगी केली आणि २००६ साली स्वतंत्र गेमांच्या महोत्सवात त्याला रचनेचे पारितोषिकही मिळाले. डेव्हिड हेलमन हे चित्रकथाकार त्यानंतर आले आणि २००८ मध्ये गेम प्रकाशित झाला तेव्हा त्याला जलरंगाचा भास देणारे रूप लाभले होते. मात्र चित्र जितके समृद्ध, तितके खेळणाऱ्याला हे कळणे अवघड की कोणत्या दगडावर पाय ठेवता येतो आणि कोणता निव्वळ पार्श्वभूमीचा आहे; म्हणून उभे राहण्याच्या जागा ठसठशीत आणि मागचा देखावा विरघळता ठेवावा लागला. चित्रकाराच्या दृष्टीने हा रंगसंगतीचा प्रश्न, प्रोग्रामरच्या दृष्टीने सूचनांच्या स्पष्टतेचा. उत्तर मात्र दोघांनी मिळून एकच शोधले.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील लहान स्टुडिओने घडवलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेंडो स्विच या यंत्रावर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर व संगणकावर आला, आणि वर्षाअखेरीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमच्या गटात त्याला नामांकन मिळाले. त्यापूर्वी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा या चमूचा प्रयत्न फसला होता, तरीही काम थांबले नाही, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. सर्कशीत वाढलेली राजी ही मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते, दुर्गा तिला शस्त्र देते, आणि तिच्या प्रवासावर दुर्गा व विष्णू यांचा संवाद ऐकू येत राहतो. चित्रकार श्रुती घोष आणि गेमची रचना करणारे अविचल सिंग हे या स्टुडिओच्या संस्थापकांपैकी आहेत, म्हणजे येथे कला हा नंतर चढवलेला मुलामा नव्हता, ती पायाभरणीपासूनच निर्णयाच्या जागी होती.

‘राजी’चे रूप राजस्थानी वास्तुशैली आणि पहाडी लघुचित्रांवर बेतलेले असून त्यातील पृष्ठभाग हाताने रंगवलेले आहेत. गेममधल्या भिंती, खांब, वस्त्रे ही मुळात त्रिकोणांच्या जाळीतून बनलेली पोकळ शिल्पे असतात आणि त्यांच्यावर गुंडाळलेल्या चित्राला टेक्स्चर म्हणतात. २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलांचे एक रंगीत टेक्स्चर जसेच्या तसे ठेवले तर सुमारे १६ मेगाबाइट मेमरी खाते, आणि रुंदी-उंची दुप्पट केली की ६४. दाबून ठेवण्याच्या पद्धतींनी हा आकडा चौथाईवर किंवा त्याहून खाली आणता येतो. स्विचजवळ एकूण मेमरी ४ गिगाबाइट, आणि तीही यंत्राच्या स्वतःच्या कामांसह. शिवाय सेकंदाला ६० दृश्ये दाखवायची तर प्रत्येक दृश्य रचायला प्रोग्रामरच्या हाती जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात, ३० दाखवायची तर त्याच्या दुप्पट. हाताने रंगवलेल्या टेक्स्चरचा येथे मोठा उपयोग होतो, कारण छाया आणि उजेड चित्रकाराने कुंचल्यानेच भरले असतील तर त्यातला बराच हिशेब संगणकाला दर क्षणी करावा लागत नाही. लघुचित्राची परंपरा आणि यंत्राची काटकसर अशा रीतीने एकमेकींच्या मदतीला येतात.

या गेममध्ये कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नसतो, तो गेमच फिरवतो. या एका निर्णयाने चित्रकाराला प्रत्येक चौक, प्रत्येक जिना नेमका कोणत्या कोनातून दिसणार हे आधीच कळते, म्हणून चित्रचौकटीसारखी मांडणी करता येते. प्रोग्रामरला न दिसणारा भाग रचण्याचे श्रम वाचतात. कथेचे मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखवले आहेत, आणि त्याचाही असाच दुहेरी लाभ आहे: कातडी बाहुलीचे सौंदर्य बाह्यरेषेत असते, तिला चेहऱ्याच्या स्नायूंची खर्चिक हालचाल लागत नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना थोडक्या हालचालींतून किती नाट्य उभे राहते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

अशा कामासाठी महानगरातच राहावे लागते असेही नाही. दक्षिण गुजरातेत वापीजवळच्या चला येथील स्टुडिओ ओलिओमिंगस हा ध्रुव जानी आणि सुशांत चक्रवर्ती यांचा लहानसा स्टुडिओ, वसाहतकाळ, भाषांतर आणि स्मृती यांवरच्या त्याच्या प्रयोगशील गेमांमुळे देशाबाहेरही ओळखला जातो. गोव्यात रिया गुप्ते आणि प्रतीक सक्सेना या दोघांनीच ‘फिशबोल’ हा ठिपक्याठिपक्यांच्या चित्रशैलीतला, आजीच्या निधनानंतर एकटी राहणाऱ्या आलो या तरुणीचा गेम घडवला. दोघांच्या स्टुडिओत सहकार्य बिघडले तर तिसरा कोणी सावरायला नसतो. म्हणूनच असे स्टुडिओ टिकतात तेव्हा त्यांच्या कामाच्या पद्धतीकडे बारकाईने पाहावेसे वाटते.

चित्र आणि हिशेब एकत्र ठरवण्याची ही पद्धत पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका विषयावर लावून पाहिली तर तिचे मर्म अधिक उलगडते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या या कामातून इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. सातूची शेती, पाण्याचा कालवा, लाल अंगावर काळ्या भौमितिक नक्षीची जोर्वे भांडी, धान्यकोठाराशेजारचे पाच खोल्यांचे घर, त्याच्या अंगणात चार पायांच्या रांजणात बसलेल्या स्थितीत पुरलेला पुरुष, घराच्या जमिनीखाली दोन कुंभांत ठेवलेली मुले, आणि शिर नसलेली मातीची देवी: एवढी सामग्री एका गावाने दिली आहे. सुरुवातीच्या काळात येथे आयताकृती प्रशस्त घरे होती, तर अखेरच्या टप्प्यात लहान गोल झोपड्या आल्या, आणि ढवळीकरांनी या बदलाची सांगड वाढत्या कोरडेपणाशी व हलाखीशी घातली.

समजा, शिरूरचा एक चित्रकार आणि दौंडचा एक प्रोग्रामर यांनी या गावावर वरून पाहण्याचा साधा गेम करायला घेतला. अशा गेमचा नकाशा बहुधा चौकोनी जाळ्यावर रचतात. ३२ पिक्सेलांच्या एकेका घरात गवत, माती, पाणी किंवा भिंत बसते आणि कोणत्या घरात पाऊल टाकता येते हे संगणक तपासतो. आयताकृती घर या जाळ्यात सहज मावते. गोल झोपडी मावत नाही. तिच्याभोवतीचा पूर्ण चौरस अडवला तर त्याचे चारही कोपरे, म्हणजे चौरसाच्या क्षेत्रफळाचा एकवीस टक्क्यांहून अधिक भाग, न दिसणारी भिंत होऊन बसतो आणि खेळणारा मोकळ्या दिसणाऱ्या जागेत अडखळतो. प्रोग्रामर म्हणेल, झोपड्या चौकोनी करा. चित्रकार म्हणेल, गावाची पडती अवस्था सांगणारी खूणच ती आहे, ती कशी पुसायची? आपापल्या जागी बसून दोघेही बरोबर आहेत, आणि बहुतेक जोड्या येथेच फाटतात.

एकाच मेजाशी बसल्यावर मात्र दिसते की वर्तुळ हा धडक तपासण्यासाठी सर्वांत सोपा आकार आहे: पात्र झोपडीच्या मध्यापासून किती दूर आहे एवढे मोजायचे आणि ते अंतर ठरावीक त्रिज्येपेक्षा कमी असेल तर थांबवायचे. जमीन जाळ्यावर आणि झोपड्या जाळ्याबाहेर, असे ठरवले की प्रोग्रामरचे काम वाढत नाही, आणि चित्रकाराला झोपड्या ओळी मोडून हव्या तेथे मांडण्याची मुभा मिळते. आधीच्या गावाची शिस्त आणि नंतरच्या गावाची विस्कळीतता हा फरक एकही वाक्य न लिहिता खेळणाऱ्याच्या पायांना कळू लागतो. त्या बदल्यात चित्रकाराने एक अट पाळायची असते. पात्र झोपडीच्या मागे गेले की झाकले जावे आणि पुढे आले की दिसावे यासाठी संगणक ज्याचा पाया पडद्यावर खाली, ते नंतर रंगवतो. म्हणून प्रत्येक चित्राचा टेकू, म्हणजे ते जमिनीला जेथे टेकते तो बिंदू, सगळीकडे एकाच नियमाने ठेवावा लागतो. हा नियम पहिल्या आठवड्यात ठरला तर पाच मिनिटांचे काम, सहाव्या महिन्यात ठरला तर शेकडो चित्रे पुन्हा उघडावी लागतात.

हालचालीचा प्रश्न याहून नाजूक आहे. सातूच्या शेतात पाखरे हाकणारी मुलगी गोफण फिरवते असे दृश्य असेल, तर चित्रकार तिला दगड सुटण्यापूर्वीची उसळी देऊ इच्छितो. सेकंदाला २४ चित्रांच्या हिशेबाने १२ चित्रांची उसळी म्हणजे अर्धा सेकंद. बटण दाबून अर्धा सेकंद काहीच सुटले नाही तर खेळणाऱ्याला गेम जड वाटतो. कागदावर हाताने रेखाटलेल्या ‘कपहेड’ या २०१७ च्या गेममध्ये चित्रे सेकंदाला २४ च्या जुन्या चालीने हलतात, पण खेळणाऱ्याच्या बोटाला प्रतिसाद मात्र ६० च्या गतीने मिळतो. गोफणीच्या बाबतीत तोडगा खुद्द गोफणीतच आहे: बटण दाबून ठेवले असता ती गरगरत राहावी आणि सोडताच दगड सुटावा. चित्रकाराची लांब, देखणी हालचाल वाया जात नाही आणि प्रोग्रामरला हवा तो तत्काळ प्रतिसादही साधतो. असा तोडगा आराखड्याच्या कागदावर सुचत नाही. दोघे चौकोन-वर्तुळांच्या तात्पुरत्या आकृत्या घेऊन गेम खेळत राहिले, तरच तो हाती लागतो. तात्पुरत्या आकृत्यांचा हा टप्पा चित्रकाराला अपमानास्पद वाटू शकतो, पण खरे तर त्याच टप्प्यात त्याचा शब्द सर्वांत मोलाचा असतो, कारण अजून काहीही बदलणे स्वस्त असते.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना अशा जोडकामाची समज नवी नाही. शिरूरमधील कवठे येमाई हे तमाशाच्या फडांचे नावाजलेले गाव, आणि दौंडमधील चौफुला तेथील कलाकेंद्रांसाठी ओळखला जातो. लावणीत नाचणारीचे पाऊल आणि ढोलकीची थाप वेगवेगळ्या खोल्यांत बसवून नंतर जोडता येत नाहीत. ढोलकीवाला तिच्या खांद्याकडे पाहून तुकडा आवरतो आणि ती त्याची थाप ऐकून गिरकी लांबवते. गेममधील चित्रकार आणि प्रोग्रामर यांचा सरावही असाच एकत्र व्हावा लागतो.

साधनांची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. गेमसाठीचा तयार सांगाडा, ज्याला इंजिन म्हणतात, तो गोडो या नावाने २०१४ पासून मुक्त परवान्यावर उपलब्ध आहे. त्रिमितीय घडणीसाठी ब्लेंडर आणि चित्रांसाठी क्रिता हीही विनामूल्य आहेत. एक तांत्रिक खाच मात्र आधी समजून घ्यावी. प्रोग्रामर गिट नावाच्या प्रणालीत कामाच्या आवृत्त्या जपतात आणि दोघांनी एकच फाइल बदलली तरी ओळींची तुलना करून ती प्रणाली बदल जुळवते. चित्राच्या फाइलीत ओळी नसतात, त्यामुळे दोघांपैकी एकाचेच काम ठेवता येते. कोणते चित्र सध्या कोणाच्या हाती आहे हे सांगण्याची सवय, आणि फाइलींना नावे देण्याची एकच रीत, यांतून महिन्यांची कटकट टळते.

मैत्रीत सुरू झालेल्या कामाला कागद लागतो, हे सांगणे कित्येकांना रुचत नाही. पण कायदा येथे मैत्री गृहीत धरत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतींत गणला जातो आणि चित्रे कलाकृतींत, आणि नोकरी किंवा वेगळा करार नसेल तर कलम १७ प्रमाणे प्रत्येक कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. म्हणजे दोन मित्रांच्या गेममध्ये कोड एकाचा, चित्रे दुसऱ्याची, आणि दोघांच्या संमतीवाचून तो गेम कोणालाच निर्वेधपणे विकता येत नाही. कलम १९ नुसार हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. गेम मात्र पहिल्या दिवसापासून जगभर विकला जातो. संगणकावरील गेमांचे सर्वांत मोठे दुकान चालवणारी स्टीम ही सेवा प्रत्येक गेममागे १०० डॉलर प्रवेशशुल्क घेते आणि सर्वसाधारणपणे विक्रीतून ३० टक्के कापते; उरलेल्यातून कर आणि खर्च वजा जाता काय वाटायचे, कोणी मध्येच सोडून गेल्यास त्याच्या कामाचे काय, हे पहिल्या महिन्यात एका पानावर लिहिणे दोघांच्याही हिताचे आहे. कलम ५७ कर्त्याला हक्क विकल्यानंतरही आपले नाव लावून घेण्याचा अधिकार देते, आणि नव्या चित्रकाराने तो कधीही सोडू नये.

शिकण्याची सोयही या भागात आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेला विज्ञान आश्रम हाताने करत शिकण्याच्या तत्त्वावर चालतो, आणि अमेरिकेतील एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या सर्वांत आरंभीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकावर आखलेली वस्तू तेथेच घडवण्याच्या कार्यशाळांपैकी, एक २००२ पासून तेथे आहे. दौंडहून पुण्याकडे येताना लोणी काळभोरला कला, अभिरचना आणि तंत्रज्ञान एकाच आवारात शिकवणारे विद्यापीठ आहे. चित्रकलेचा विद्यार्थी आणि संगणकाचा विद्यार्थी शेजारच्या इमारतींत शिकूनही एकमेकांना न भेटता पदवी घेतात, ही या शिक्षणातली खरी उणीव आहे. दर वर्षी जगभर भरणाऱ्या ग्लोबल गेम जॅमसारखे मेळावे ती थोडीफार भरून काढतात, कारण तेथे अनोळखी चित्रकार आणि प्रोग्रामर यांना मोजक्या दिवसांत काहीतरी चालते करून दाखवावे लागते.

मराठीत गेम करणाऱ्या जोडीपुढे आणखी एक काम येते, ज्याची इंग्रजीत गेम करणाऱ्यांना कल्पनाही नसते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी टंकताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना त्याच्या आधी, जोडाक्षरांचे रूप बदलते, रफार उडी मारून पुढच्या अक्षरावर बसतो. हे सर्व जुळवणारी यंत्रणा इंजिनात नसेल तर ‘शिरूर’ हे नावसुद्धा पडद्यावर तुटके दिसते. गोडोमध्ये ही यंत्रणा २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून आली आहे. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतात. पण ठिपक्यांच्या शैलीतल्या गेमला स्वतःचे अक्षर रेखाटावे लागते, आणि इंग्रजी अक्षर जेथे आठ पिक्सेलांच्या उंचीत मावते, तेथे देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार यांसाठी जवळपास दुप्पट उंची द्यावी लागते. साहजिकच संवादाची चौकट उंच होते, पडद्यावर गावाला उरणारी जागा कमी होते, आणि झोपड्या किती मोठ्या काढायच्या हा प्रश्न चित्रकार व प्रोग्रामर यांना पुन्हा एकत्र बसून सोडवावा लागतो.